गोळी किती दिवस दिसते?

औषधांच्या इतिहासावर बोलायला लागल्यापासून एक प्रश्न मला सतत विचारला जातो. नोकरीसाठी लघवीची तपासणी आहे. झोपेची किंवा चिंतेची गोळी त्यात किती दिवस दिसेल? विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. पण एकच आकडा सांगता येत नाही, आणि त्याचं कारण समजायला जरा मागे जावं लागतं.

१९५७ साल. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या नटली गावी, रोश कंपनीत लिओ स्टर्नबाख हे रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. प्रयोगशाळेची आवराआवर चालू असताना, आधी बनवून बाजूला पडलेलं एक रसायन सापडलं. तपासायला पाठवलं, तर प्राणी शांत झाले, पण गुंगून पडले नाहीत. १९६० मध्ये ते 'लिब्रियम' म्हणून बाजारात आलं. १९६३ मध्ये त्याचं भावंड आलं : 'व्हॅलियम', म्हणजे डायझेपाम. आपल्याकडे हीच गोळी 'काम्पोज' म्हणून घरोघरी माहीत झाली. या घराण्याचं नाव बेन्झोडायझेपिन.

डायझेपाम शरीरात गेलं की यकृत त्याचं रूप बदलतं. त्यातून नॉरडायझेपाम तयार होतं, पुढे ऑक्साझेपाम. यातल्या नॉरडायझेपामचं प्रमाण निम्मं व्हायला काही जणांत १०० तासही लागतात. असं पाच वेळा निम्मं व्हायचं म्हणजे ५०० तास, जवळजवळ तीन आठवडे. रोज गोळी घेणाऱ्याच्या शरीरात तर त्याचा साठाच होत जातो.

आता तपासणीकडे येऊ. १९७१ मध्ये व्हिएतनाममधून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांची लघवी तपासायला सुरुवात झाली, ती हेरॉइनसाठी. त्याच दशकात प्रतिपिंडांवर चालणाऱ्या झटपट चाचण्या आल्या आणि तपासणी स्वस्त झाली. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी अमली पदार्थांच्या चाचणीचा आदेश काढला. त्यातून ठरलेल्या पाच गटांच्या यादीत बेन्झोडायझेपिन नव्हतं. खासगी कंपन्या आणि दवाखान्यांच्या चाचण्यांत मात्र ते आलं.

खरी गोम पुढे आहे. या झटपट चाचण्या प्रामुख्यानं ऑक्साझेपाम किंवा नॉरडायझेपाम ओळखण्यासाठी बेतलेल्या होत्या. अमेरिकेत १९७५ मध्ये क्लोनाझेपाम आलं, १९७७ मध्ये लोराझेपाम. ही दोन्ही त्या वाटेनं जात नाहीत. क्लोनाझेपामचं वेगळंच रूप लघवीत उतरतं. लोराझेपाम साखरेपासून बनलेल्या एका आम्लाला चिकटून बाहेर पडतं. त्यामुळे अनेक चाचण्यांना ती नीट दिसतच नाहीत.

याची किंमत माणसं मोजतात. क्लोनाझेपाम नेमानं घेणाऱ्या रुग्णाचा अहवाल 'निगेटिव्ह' येतो आणि तो गोळ्या बाहेर विकतो की काय, असा संशय त्याच्यावर येतो. उलट, नैराश्यावरचं सर्ट्रालिन घेणाऱ्याचा अहवाल कधीकधी चुकून 'पॉझिटिव्ह' येतो. म्हणून पहिल्या चाचणीवर निकाल लावू नये. मास स्पेक्ट्रोमेट्रीनं खात्री करून घ्यावी.

तरी ढोबळ अंदाज सांगतो. लोराझेपामसारखी कमी काळ टिकणारी गोळी साधारण तीन दिवस दिसते. दीर्घकाळ रोज घेतलेलं डायझेपाम ३० दिवसांपर्यंत. डोस, वय, यकृताची स्थिती आणि चाचणीची मर्यादा यांनुसार हे बदलतं. आणि अहवाल काहीही येवो, गोळी नेमकी कधी घेतली, किती घेतली, त्या क्षणी माणूस गुंगीत होता का, हे लघवी सांगत नाही.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीत डायझेपाम आणि अल्प्राझोलाम आहेत. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा आणि नमुना देण्याआधीच दाखवा.

एक गोष्ट मात्र करू नका. तपासणीत सापडू नये म्हणून रोजची गोळी एकदम बंद करू नका. अनेक महिने घेतलेली गोळी अचानक थांबवली तर झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. गोळी कमी करायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू. नोकरी दुसरी मिळू शकते, मंडळी.