विजेच्या गाडीचा धूर कुठं जातो?

विजेवर चालणारी गाडी पर्यावरणाला खरंच चांगली का, हा प्रश्न हल्ली नंदुरबारच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. तेव्हा आधी हिशेब उरकून घेऊ, म्हणजे पुढं मोकळेपणानं बोलता येईल.

पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर जाते असं धरा. शंभर किलोमीटरला सव्वादोन लिटर लागतं, आणि लिटरमागं सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे झाले पाच किलो. विजेच्या स्कूटरला तेवढ्याच अंतराला तीन-साडेतीन युनिट पुरतात. आपल्या देशात बरीचशी वीज अजून कोळशाचीच, तरी एकूण वायू अडीच किलोच्या आसपास भरतो. बॅटरी बनवतानाच दोन-तीनशे किलो खर्ची पडलेला असतो. तो दहा-बारा हजार किलोमीटरांत फिटतो. रोज तीस किलोमीटर जाणाऱ्याचं वर्षभराचं काम. तेव्हा गाडी चांगलीच आहे, यावर आम्ही घासाघीस करणार नाही.

पण तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही एक खोड लावून घेतली. वाक्यात ‘चांगलं’ आलं की विचारायचं, कुणाला? धूर नंदुरबारच्या रस्त्यावरून उठतो आणि भुसावळजवळच्या दीपनगरच्या चिमणीतून निघतो. लिथियम येतं ते चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या खाऱ्या पाण्यातून. पण पाण्यावरची वीज तरी निखळ स्वच्छ ना? इथं थोडं इतिहासात जायला हवं.

मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी वीज हवी होती, म्हणून टाटांनी सह्याद्रीचं पाणी अडवलं. १९१५ साली खोपोलीचं केंद्र सुरू झालं. मुंबईला धूर नको होता, आणि ते रास्तच होतं. पण पुढच्या टप्प्यात मुळशी पेट्यातली भातखाचरं पाण्याखाली जायची होती. १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह मांडला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि धरण व्हायचं ते झालंच. लढा संपतो न संपतो तोच, ३ फेब्रुवारी १९२५ ला, बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची आगगाडी धावली. टाळ्या वाजल्या असणारच. त्यात मुळशीच्या शेतकऱ्याच्या नसाव्यात.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. १९७९ मध्ये नर्मदा पाणीतंटा लवादानं निवाडा दिला. सरदार सरोवराच्या विजेतला ५७ टक्के वाटा मध्य प्रदेशाला, २७ टक्के महाराष्ट्राला, १६ टक्के गुजरातला. महाराष्ट्रातली बुडिताची गावं तेहेतीस, आणि सगळी अक्कलकुवा नि अक्राणीतली. पाणी आधी आलं ते मणिबेलीला. त्या विजेवर गाडी चार्ज केली तर हिशेबाच्या वहीत धुराच्या रकान्यात जवळजवळ शून्य पडतं. मणिबेलीसाठी त्या वहीत रकानाच नाही.

आणि बिलगावची गोष्ट तर ऐकाच. अक्राणीतल्या या गावाला वीज नव्हती. २००३ साली केरळहून आलेल्या तरुण अभियंत्यांनी गावकऱ्यांच्या श्रमदानातून उदई नदीच्या धबधब्यावर एक छोटा वीजप्रकल्प उभा केला. पंधरा किलोवॉटचा. मोठं धरण नाही, विस्थापन नाही, कोळसा नाही. पाटातून पाणी वळवायचं, पात्यावर सोडायचं आणि पुन्हा नदीला द्यायचं. घरांत दिवे लागले. ‘स्वदेस’ या हिंदी चित्रपटामागं याच गावाची प्रेरणा होती असं सांगतात. पुढं सरदार सरोवराची उंची वाढली, आणि २००६ च्या पावसाळ्यात बिलगावचा प्रकल्प बुडाला. म्हणजे १,४५० मेगावॉटच्या स्वच्छ विजेनं पंधरा किलोवॉटची त्याहून स्वच्छ वीज गिळली, बरं का! यात कुठला वायू किती टळला, याचं गणित आम्हाला कुणी मांडून दाखवावं.

म्हणून कुणी पेट्रोलकडं परत जा म्हणेल, तर ते आम्हाला मान्य नाही. पेट्रोलनं बुडवलेल्यांची यादी वेगळी, आणि लांबलचक. पण गाड्या वाढतील तशी वीज वाढवावी लागेल. शेजारी साक्री तालुक्यात सौरपटल आणि पवनचक्क्या आहेतच. उद्या सातपुड्याच्या पायथ्याशीही जमिनी मागितल्या जातील. अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करा, असं १९९६ चा पेसा कायदा सांगतो. मुळशीला असा कायदा नव्हता. मणिबेलीत पहिलं पाणी शिरलं तेव्हाही नव्हता. आता आहे.