आमटीची कुळकथा

जुन्नर तालुक्यात, कल्याण-नगर रस्त्यावर आणे नावाचं गाव आहे. जमीन पठाराची, पाऊस बेताचा. हिवाळ्यात तिथे रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीची यात्रा भरते आणि महाप्रसाद असतो आमटी-भाकरीचा. शिरा नाही, बुंदी नाही. मोठाल्या कढयांत आमटी उकळत असते, भाकरी घरोघरच्या चुलींवरून भाजून येतात, आणि पंगतीला बसलेली माणसं भाकरी कुस्करून वर आमटी ओतून घेतात. इतक्या तोंडांना पुरवायचं तर आमटीसारखा पदार्थ नाही. डाळ थोडी, पाणी पुष्कळ. पाण्याची उणीव आंबट-तिखटाने भरून काढायची. वरण आणि आमटी यांतला खरा फरक एवढाच, आणि आमटीचं सगळं कुळ या एका युक्तीवर वाढलं आहे.

या कुळातली जुनी मंडळी शोधायची तर शिरूरजवळ घोड नदीच्या काठी इनामगावला जावं लागतं. १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथे अनेक हंगाम उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तीत जळून कोळसा झालेले दाणे मिळाले. त्यांत जव होते, कुळीथ होता आणि मसूरही होती. मसूर मूळची पश्चिम आशियातली. तिथून मजल दरमजल करत ती दख्खनेत पोचली. आज आमटीच्या घरात थोरलेपणा मिरवते ती तूर. ती मात्र अस्सल इथली, तिचे रानटी भाऊबंद आजही ओडिशा-बस्तरच्या जंगलांत उगवतात. मसुरीला ‘तुरीला पर्याय’ म्हणणाऱ्यांनी मसुरीचं हे तीन हजार वर्षांचं वास्तव्य जरूर लक्षात घ्यावं.

लेखी पुरावा बाराव्या शतकातला. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या भोजनाचं वर्णन करताना ‘विदलपाक’ येतो: निरनिराळ्या डाळी एकत्र शिजवायच्या आणि त्यांत हळद, हिंग, आलं, सैंधव घालायचं. हळद आणि हिंगाची जोडी तेव्हाच जमली होती तर! मिरचीचा मात्र पत्ता नाही. ती अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या जहाजांत बसून सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तोवर तिखटपणाचं खातं मिऱ्यांकडे होतं.

तंजावरच्या मराठा दरबाराची गोष्ट इथे कुणीतरी काढतोच. संभाजीराजे पाहुणे म्हणून आले, मुदपाकखान्यात आमसूल संपलं होतं, म्हणून आमटीत चिंच घातली आणि पाहुण्याच्या नावावरून सांबार जन्माला आलं. ऐकायला झकास आहे, पण तिला समकालीन आधार नाही. शिवाय दक्षिणेत चिंच काही मराठ्यांनी नेली नाही, ती तिथे कैक शतकं रुळलेली होती. वऱ्हाडात कोथिंबिरीला आजही सांबार म्हणतात, हे कळल्यावर तर दंतकथेतल्या पाहुण्याची गरजच उरत नाही.

छापील पाककृतींचा काळ त्यानंतर बराच पुढचा. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये पुण्यात निघालं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्ये आणि कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये. त्याआधी आमटी हातातून हातात गेली, ‘अंदाजाने’ या एकाच मापावर.

थोडी डाळ, पुष्कळ पाणी या युक्तीचा कळस म्हणजे कटाची आमटी. होळीला पुरणासाठी हरभऱ्याची डाळ मुद्दाम जास्त पाण्यात शिजवतात. ती चाळणीत उपसली की खाली जे पिवळसर, किंचित चिकट पाणी जमतं तो कट. सोलापूरकडे त्यालाच येळवणी म्हणतात. पाणी ओतून टाकायचं तर डाळीचं सत्त्व जाईल, म्हणून त्यात मूठभर शिजलेली डाळ घोटून घालायची, चिंचेचा कोळ, गूळ, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं आणि जिऱ्याचं वाटण, मसाला, आणि वरून मोहरी-हिंग-कढीपत्त्याची चरचरीत फोडणी. गोड पोळीबरोबर तोंडाला चव आणायला हीच हवी. ती पातळच असते, आणि तसं असल्याबद्दल कुणी माफी मागत नाही. पातेलंभर होत असल्यामुळे शेजारी वाटी जाते, ती वाटी रिकामी परत येत नाही, आणि उरलेली दुसऱ्या दिवशी भातावर जास्त मुरलेली लागते.

मसाल्याचा प्रश्न निघाला की मात्र भाऊबंदकी सुरू. पुण्याकडे गोडा मसाला: धणे, तीळ, खोबरं, दगडफूल, नागकेशर. दगडफूल हे फूल नव्हे, दगडा-झाडांवर वाढणारी वनस्पतीसारखी बुरशी-शेवाळाची जोडगोळी. तळल्याशिवाय तिचा वास खुलत नाही. कोल्हापूर-सोलापूरकडे कांदा-लसूण किंवा काळा मसाला, तर्री वर तरंगलीच पाहिजे. मराठवाड्यात भाजलेल्या धान्याचं येसर डब्यात तयार असतं. पाहुणे वाढले की येसराची आमटीही वाढते. कोकणात चिंचेऐवजी आमसूल आणि ओला नारळ. गूळ किती, यावरून तर सुना-सासवांची पुढची पिढीही भांडून घेईल. पुण्याची गोडसर आमटी सोलापूरकराच्या पानात वाढा, तो आधी ठेचा मागेल.