मुक्या संगणकाला वाचा फुटली

आजचा संगणक सुरू करताच बोलू लागतो. परंतु १९८१ साली आलेला आयबीएम पीसी जवळजवळ मुकाच होता. ‘बीप’ एवढाच त्याचा आवाज. १९८७ मध्ये कॅनडाच्या ॲडलिब कार्डाने त्याला संगीत दिले आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीच्या साउंड ब्लास्टरने मानवी आवाजही दिला.

मात्र कार्ड खाचेत बसवून भागत नसे. ‘ड्रायव्हर’ म्हणजे कार्ड व संगणक यांच्यामधला दुभाषी. तो फ्लॉपीवरून उतरवून घ्यावा लागे. शिवाय पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १ असे आकडे ‘ऑटोएक्झेक’ फाइलीत स्वतः लिहावे लागत. प्रिंटरचा इंटरप्ट ७ कार्डालाही दिला, तर दोघांत तंटा होई. १९९५ च्या विंडोज ९५ पासून ही ओळख संगणक बहुधा आपणच करून घेऊ लागला.

कार्ड बसवून यंत्राला नवा गुण देण्याची हीच रीत पुण्याच्या सी-डॅक संस्थेने वापरली. तिच्या जिस्ट कार्डामुळे डॉसच्या पडद्यावर मराठी अक्षरे उमटली.

पालकहो, पनवेलमध्ये आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर असा संगणक असेल, तर त्याची फ्लॉपी व माहितीपुस्तिका रद्दीत घालू नका. फ्लॉपीवरील नोंद वर्षागणिक क्षीण होते. तिची प्रत आजच करून ठेवा. कार्ड शाबूत असले तरी दुभाषी हरवला की यंत्र पुन्हा मुके होते. घरातील वडीलधाऱ्यांच्या हुन्नराचेही तसेच आहे. विचारून, लिहून ठेवला, तरच तो पुढच्या पिढीशी बोलेल.