कॅथलिक प्राथमिक शाळा, सोलापूर व दख्खनमधील

रोमन कॅथलिक चर्चच्या धर्मग्रामाने, धर्मप्रांताने किंवा एखाद्या धर्मसंघाने चालविलेली प्राथमिक शिक्षणाची संस्था. अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि समाजसेवेचा संस्कार ही तिन्ही कामे या शाळेने आरंभापासून आपली मानली; तिन्हींचा मेळ मात्र सर्वकाळ सारखा बसला नाही.

या शाळेचे पूर्वरूप सोळाव्या शतकापासून गोव्यात आढळते. तेथील धर्मग्रामशाळांत वाचन, लेखन, अंकगणित व प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण यांबरोबर चर्चमधील उपासनेसाठी स्वरलेखन व गायनही शिकवीत. गोमंतकीय वादकांची पुढे जी ख्याती झाली, तिचे मूळ या शाळांत आहे. दख्खनच्या पठारावरील परिस्थिती निराळी होती. तेथे कॅथलिक वस्ती मुख्यतः लष्करी छावण्या आणि लोहमार्ग यांच्या आश्रयाने वाढली. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत पोहोचली. १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत स्थापन झाला आणि त्याचा कारभार जर्मन जेझुइटांकडे आला. सोलापूर जिल्हा याच धर्मप्रांतात मोडतो.

जेझुइटांच्या शिक्षणकार्याचे दोन प्रवाह होते. पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट्‌स (१८६७) सारख्या शाळा प्रामुख्याने इंग्रजी जाणणाऱ्या शहरी कुटुंबांसाठी होत्या. दुसरा प्रवाह अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील खेड्यांत सुरू झाला. १८७८ च्या सुमारास फादर ऑटो वाइसहाउप्ट यांनी राहुरी भागात कार्यास आरंभ केला व केंदळ, वळण या गावांतून ते पसरले. येथे दीक्षा घेणारे बहुतेक जण महार समाजातील होते. ज्या मुलांना गावच्या शाळेत ओसरीवर किंवा दाराबाहेर बसावे लागे, त्यांच्यासाठी मिशनची एकशिक्षकी शाळा हीच पहिली शाळा ठरली. हे या शाळांचे खरे ऐतिहासिक महत्त्व होय. मोठ्या इमारती व परीक्षांचे निकाल यांमुळे ते पुष्कळदा झाकले जाते.

या शाळेचा कणा म्हणजे ‘मास्तर’. तोच दिवसा मुळाक्षरे शिकवी, संध्याकाळी वस्तीला प्रार्थनेसाठी जमवी, आजाऱ्याची खबर धर्मगुरूंना देई आणि कागदपत्रे वाचून दाखवी. धर्मगुरू फिरतीवर असल्याने विश्वासजीवनाचे सातत्य त्याच्यावरच अवलंबून राही. पुढे पुण्याचे बिशप झालेले फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये सुरू केलेले निरोप्या हे मासिक अशा नवशिक्षित मराठी कॅथलिकांपुढे वाचनाचे साहित्य ठेवू लागले. पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंना स्थानबद्ध करून मायदेशी पाठविण्यात आले, तेव्हा या मास्तरवर्गाचे मोल अधिकच प्रत्ययास आले.

१९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी प्रथम ख्रिस्तप्रसाद ग्रहण करण्याचे वय सुमारे सात वर्षे असे ठरविले. तत्पूर्वी अनेक ठिकाणी मूल दहा ते चौदा वर्षांचे होईपर्यंत थांबत. या एका आज्ञेने धर्मदीक्षेची मुख्य तयारी प्राथमिक वर्गांत आली. पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद, जपमाळ, नाताळचा गोठा आणि उपवासकाळातील त्याग हे शालेय वर्षाचे टप्पे बनले. सेवेचे शिक्षणही त्यांतूनच मिळे. फ्रान्समध्ये १८४३ मध्ये स्थापन झालेल्या पवित्र बालक संघाची कल्पना साधी होती : मुलांनी मुलांसाठी प्रार्थना करावी व आपल्या खाऊतला पैसा बाजूला ठेवावा. उपवासकाळात वाचविलेले पैसे भूक व रोग यांच्या निवारणासाठी देण्याच्या प्रथेला पुढे कॅरितास इंडिया (१९६२) या संस्थेच्या मोहिमेने देशव्यापी रूप दिले. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या मदतकार्यातही ही संस्था होती.

सोलापुरात मिशनरी शिक्षणाचा पाया प्रॉटेस्टंटांनी घातला. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे ठाणे उभारले व विसाव्या शतकाच्या आरंभी मिस मेरी हार्डिंग यांनी बालशाळा काढली. कॅथलिक शाळा या मानाने मर्यादित राहिल्या. सेंट जोसेफ व लिटल फ्लॉवर या त्यांपैकी परिचित शाळा होत. दोन्ही नावे अर्थपूर्ण आहेत. संत जोसेफ हे श्रमिकांचे आश्रयदाते, आणि सोलापूर तर गिरण्यांचे व हातमागांचे शहर. ‘लिटल फ्लॉवर’ म्हणजे लिझ्यूची संत तेरेझा (१८७३–९७). लहानसहान कामे प्रेमाने करण्याचा तिचा मार्ग बालवयाला सहज पेलणारा आहे. मराठी, कन्नड, तेलुगू व दखनी उर्दू बोलणाऱ्या या नगरात कॅथलिकांची संख्या अल्प असल्याने वर्गातील बहुसंख्य मुले अन्यधर्मीय असणे स्वाभाविकच होते.

मग धर्मशिक्षण कोणाला द्यावयाचे? १८५४ च्या वुडच्या खलित्याने धार्मिक तटस्थता राखून खाजगी शाळांना अनुदानाचा मार्ग मोकळा केला होता. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धर्मशिक्षणास बसविता येत नाही. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालविण्याचा अधिकार देतो. व्यवहारात सामान्यतः कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण व इतरांना त्याच तासाला नीतिशिक्षण अशी विभागणी रूढ झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या शिक्षणविषयक घोषणापत्राने (१९६५) गरिबांच्या व श्रद्धेच्या देणगीपासून दूर असलेल्यांच्या गरजांकडे लक्ष देण्यास सांगितले, आणि उपासना मराठीत आल्याने मुलाला प्रार्थनेचा अर्थ थेट कळू लागला.

गरिबांचा प्रश्न मात्र अवघड झाला. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशाचा लाभ धर्मांतरित ख्रिस्ती दलितांना मिळाला नाही. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने चर्चची शाळा हाच मोठा आधार राहिला. त्याच काळात शहरांत इंग्रजी माध्यमाला मागणी वाढली व शुल्क देऊ शकणारा वर्ग ‘कॉन्व्हेंट’कडे वळला. खेड्यातील मराठी शाळा आणि शहरातील इंग्रजी शाळा यांमधील हे जुने अंतर चर्चला पूर्णपणे मिटविता आलेले नाही. शिक्षणहक्क कायद्यातील (२००९) दुर्बल घटकांसाठीच्या पंचवीस टक्के प्रवेशांची अट सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना लागू राहिली नाही. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने या निकालाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. तथापि कायद्याची सक्ती नसताना वस्तीतील मुलाला किती जागा द्यावयाच्या, हे प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापनालाच ठरवावे लागते.