सिनेमा दाखवला, मग थांबवला

सिनेमामुळे मुले बिघडतात, ही तक्रार जवळजवळ सिनेमाइतकीच जुनी आहे. चांगला सिनेमा दाखवला की मुले आपोआप चांगली होतील, ही आशाही तेवढीच जुनी. सहकार्य, नेतृत्व, दुसऱ्याचे दुःख समजून घेणे हे गुण धड्यातून शिकवता येत नाहीत. म्हणून अनेक शिक्षक सिनेमाकडे वळतात. पण सिनेमा पाहून मुलांच्या मनात खरोखर काही बदलते का? आणि बदलत असेल तर ते मोजायचे कसे?

अमेरिकेत १९२९ ते १९३२ या काळात या प्रश्नावर मोठे संशोधन झाले. त्याला पेन फंड या संस्थेने पैसा पुरवला आणि ओहायो राज्य विद्यापीठाचे डब्ल्यू. डब्ल्यू. चार्टर्स यांनी त्याचे नेतृत्व केले. त्यातला आपल्या विषयाशी संबंधित भाग शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एल. एल. थर्स्टन आणि त्यांच्या सहकारी रूथ पीटरसन यांचा आहे.

मनाला फूटपट्टी

मत किंवा कल मोजता येतो, असे थर्स्टन यांनी १९२८ मध्येच मांडले होते. त्यांची रीत अशी. एखाद्या विषयावरची पुष्कळ विधाने गोळा करायची; काही अगदी अनुकूल, काही अगदी प्रतिकूल, बाकीची अधलीमधली. मग बऱ्याच परीक्षकांना ती विधाने अनुकूलतेनुसार अकरा गठ्ठ्यांत लावायला सांगायची. त्यावरून प्रत्येक विधानाची किंमत ठरते. मुलाने फक्त पटलेल्या विधानांवर खूण करायची. त्या विधानांच्या किमतींवरून त्याचा कल कळतो. दुसरी रीत आणखी सोपी होती. निरनिराळ्या राष्ट्रांच्या लोकांच्या जोड्या द्यायच्या आणि प्रत्येक जोडीतल्या कोणाची सोबत अधिक आवडेल, ते विचारायचे.

प्रयोगाची रचना साधी होती. आधी शाळेत चाचणी, काही दिवसांनी गावातल्या चित्रपटगृहात सिनेमा आणि त्यानंतर लगेच पुन्हा तीच चाचणी.

इलिनॉय राज्यातील जेनोआ या लहान गावी १३३ मुलांना ‘फोर सन्स’ हा जॉन फोर्ड यांचा १९२८ चा चित्रपट दाखवला. पहिल्या महायुद्धात आपली मुले गमावणाऱ्या एका जर्मन आईची ही कथा. युद्ध संपून फार वर्षे झाली नव्हती आणि जर्मन माणूस म्हणजे शत्रू ही प्रतिमा अजून पुसलेली नव्हती. सिनेमानंतर मुलांचा जर्मन लोकांविषयीचा कल स्पष्टपणे अनुकूल झाला. एका संध्याकाळी, पडद्यावरच्या एका आईने हे घडवले.

इथेच थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. याच मालिकेत सहावी ते बारावीतील ४३४ मुलांना ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ दाखवण्यात आला. १९१५ चा हा चित्रपट तंत्राच्या दृष्टीने गाजलेला. पण त्यात कृष्णवर्णीय माणसे धोकादायक म्हणून रंगवली आहेत आणि त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनला वीर ठरवले आहे. मुले ज्या गावची होती, तिथे कृष्णवर्णीय वस्ती जवळजवळ नव्हतीच. म्हणजे पडद्यावरचे चित्र अनुभवाशी ताडून पाहण्याची सोयच नव्हती. सिनेमानंतर मुलांचा कल ठळकपणे प्रतिकूल झाला. पाच महिन्यांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हाही निम्म्याहून अधिक परिणाम टिकून होता. हे वाचताना अस्वस्थ व्हायला होते. मोजमापाच्या हौसेपायी मुलांच्या मनात तिरस्कार पेरला गेला होता.

आणखी एक निष्कर्ष शिक्षकांनी ध्यानात ठेवावा असा आहे. मूसहार्ट येथील बालगृहात तुरुंगजीवनावरचे चित्रपट दाखवले. एकाच चित्रपटाने फारसा फरक पडला नाही. पण त्याच विषयावरचे दोन-तीन पाहिल्यावर शिक्षेविषयीचे मत बदलले. परिणाम साठत जातो.

गोंधळ आणि त्यातून निघालेली वाट

१९३३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी हेन्री जेम्स फोरमन यांच्या पुस्तकाने त्यातला भडक भागच लोकांपुढे नेला आणि सिनेमाविरुद्ध ओरड वाढली. संशोधकांचे म्हणणे मात्र इतके सरळ नव्हते. सिनेमा दोन्ही दिशांना नेतो, हे त्यांच्या आकड्यांतून दिसत होते.

मग करायचे काय? बंदी हे एक उत्तर. दुसरे उत्तर शिक्षकांकडून आले. अमेरिकेतील प्रोग्रेसिव्ह एज्युकेशन असोसिएशनने मानवी संबंधांविषयी एक आयोग नेमला. ॲलिस केलिहर या शिक्षणतज्ज्ञ त्याच्या प्रमुख होत्या. हॉलिवूडच्या कंपन्यांच्या परवानगीने आयोगाने गाजलेल्या चित्रपटांतून छोटे तुकडे कापून घेतले. तुकडा वर्गात दाखवायचा, दिवे लावायचे आणि मुलांना बोलते करायचे. फ्रिट्झ लांग यांच्या ‘फ्युरी’ (१९३६) मधला भागही त्यात होता. त्या कथेत एका निरपराध माणसाला संशयावरून पकडतात. अफवा घरोघर फिरते आणि जमाव तुरुंग पेटवतो.

तुकड्याचा एक फायदा असतो. पूर्ण सिनेमा शेवटी स्वतःच निकाल देतो आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातो. तुकडा निकाल देत नाही. तो मुलांना द्यावा लागतो. अफवा पहिल्यांदा कोणी थांबवू शकले असते? जमावाचा पुढारी कोण झाला आणि का? गप्प उभे राहिलेले लोक निर्दोष का? नेतृत्वाचा याहून चांगला धडा कोणता असणार? पुढे जाणारा प्रत्येक जण नेता असतो, पण प्रत्येक नेता योग्य दिशेलाच नेतो असे नाही, हे मुलांना इथे स्वतःच सापडते.

थर्स्टन यांच्या रीतीलाही मर्यादा होती, हे विसरू नये. कागदावरची खूण म्हणजे वागणूक नव्हे. जर्मनांविषयी चांगले मत नोंदवणारा मुलगा जर्मन शेजाऱ्याशी कसा वागला, हे त्या चाचणीतून कळत नाही.

तरीही या जुन्या प्रयोगांतली शिस्त आपल्या वर्गात आणता येईल. सिनेमा निवडण्यापूर्वी त्यात कोणाला खलनायक केले आहे ते पाहावे. दाखवण्याआधी चार-पाच विधानांवर मुलांची मते बिननावाने लिहून घ्यावीत, दाखवल्यावर पुन्हा घ्यावीत आणि दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा घ्यावीत. तिन्ही कागद मुलांनाच मोजू द्यावेत. मत बदलले असेल, तर ते कशाने बदलले हे त्यांना विचारावे: पुराव्याने, की संगीताने? आपले मन कोणी आणि कसे वळवले, हे ओळखणारे मूल पुढे जमावात उभे राहिले, तरी निदान एकदा थांबून विचार करेल.