लेव्हायथन वेक्स

‘जेम्स एस. ए. कोरी’ या टोपणनावाने एकत्र लिहिणाऱ्या डॅनियल एब्रहॅम आणि टाय फ्रँक या अमेरिकन लेखकांची इंग्रजी विज्ञान-कादंबरी. ऑर्बिट या प्रकाशनसंस्थेने ती २०११ मध्ये प्रसिद्ध केली. ‘द एक्स्पान्स’ या नऊ कादंबऱ्यांच्या मालिकेतली ही पहिली, आणि २०१२ च्या ह्यूगो पुरस्कारासाठी तिला नामांकन मिळाले होते. काळ काही शतकांनंतरचा आहे. माणूस सूर्यमालाभर पसरला आहे, पण इतर ताऱ्यांपर्यंत पोचलेला नाही. पृथ्वीवर संयुक्त राष्ट्रांचे राज्य आहे. मंगळ स्वतंत्र झाला आहे. तो लष्करीदृष्ट्या पुढारलेला आहे आणि आपला उजाड ग्रह राहण्याजोगा करण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कामात गुंतलेला आहे. या दोघांच्या कारखान्यांना खनिजे पुरवणारे लघुग्रहपट्ट्यातले कष्टकरी म्हणजे बेल्टर. पाणी आणि हवासुद्धा त्यांना विकत घ्यावी लागते. त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या ‘आउटर प्लॅनेट्स अलायन्स’ या संघटनेकडे दोन्ही ग्रह दहशतवादी म्हणून पाहतात.

शनीच्या कड्यांमधला बर्फ लघुग्रहपट्ट्यातल्या सेरेसला नेणारे ‘कँटरबरी’ हे मालवाहू जहाज मदतीच्या हाकेला धावून जाते आणि अज्ञात जहाजाच्या हल्ल्यात नष्ट होते. वाचलेल्या मोजक्या खलाशांचा म्होरक्या जेम्स होल्डन त्या जागी मंगळाच्या नौदलाची खूण असलेली बॅटरी सापडल्याचे साऱ्या सूर्यमालेला जाहीर करतो. तो खोटे बोलत नाही, मंगळाने हल्ला केला असेही म्हणत नाही. तरीही युद्धाची ठिणगी पडते, कारण तो पुरावा तिथे मुद्दाम ठेवलेला होता. दुसरीकडे सेरेसवरचा थकलेला गुप्तहेर जो मिलर एका धनाढ्य उद्योगपतीच्या बेपत्ता मुलीचा, ज्यूली माओचा, शोध घेतो आहे. कळले की सांगून टाकायचे, हा होल्डनचा धर्म. सगळे धागे हाती येईपर्यंत गप्प राहायचे, ही मिलरची रीत. प्रकरणे आळीपाळीने या दोघांच्या नजरेतून येतात, आणि कादंबरीचा मूळ प्रश्न या मांडणीतच रुजलेला आहे. तिच्यात जहाजे, लढाया आणि परग्रहीय तंत्रज्ञान भरपूर आहे, पण ती खरा वाद घालते तो माहितीविषयी: कळलेली गोष्ट कोणी, कोणाला आणि केव्हा सांगायची.

परग्रहीय तंत्रज्ञान म्हणजे ‘प्रोटोमॉलिक्यूल’. ते शनीच्या फीबी या उपग्रहावर सापडते. प्रत्यक्षातला फीबी १८९९ मध्ये सापडला. तो शनीभोवती उलट्या दिशेने फिरतो, आणि जून २००४ मध्ये कॅसिनी यानाने जवळून केलेल्या निरीक्षणांमुळे तो बाहेरून येऊन शनीच्या ओढीत अडकला असावा, या मताला बळ मिळाले. लेखकांनी नेमका हाच धागा उचलला आहे. त्यांच्या कथेत दोन अब्ज वर्षांपूर्वी कोणीतरी हा गोळा पृथ्वीकडे धाडला होता आणि वाटेत शनीने तो पकडला. प्रोटोजेन ही कंपनी त्यातला पदार्थ कसा वागतो हे पाहण्यासाठी एरॉस या लघुग्रहावरच्या पंधरा लाख लोकांचा बळी देते. किरणोत्साराचा खोटा इशारा देऊन त्यांना आसऱ्याच्या जागी कोंडले जाते. पृथ्वी आणि मंगळ तेव्हा एकमेकांवर तोफा रोखून असल्यामुळे तिकडे कोणाचे लक्ष नसते. युद्ध त्यासाठीच पेटवलेले होते.

इथे एक आक्षेप संभवतो. प्रश्न माहितीचाच असेल, तर परग्रहीय पदार्थाची गरज काय? एखादा नवा बॉम्ब किंवा रोगजंतू पुरला नसता का? माझ्या मते पुरला नसता. बॉम्ब कसा चालतो हे तो बनवणाऱ्याला ठाऊक असते. प्रोटोमॉलिक्यूलबद्दल सुरुवातीला कोणालाच काही ठाऊक नाही, म्हणून त्याविषयीच्या कणभर ज्ञानालाही अफाट मोल येते. माणसांपुढे शत्रू म्हणून कोणी परग्रहवासी उभा राहत नाही. उभे राहते एक अज्ञान, आणि ते दूर करण्याचा मक्ता मिळवण्याची घाई. प्रयोगाचा प्रमुख ड्रेस्डेन आपले समर्थन थंडपणे करतो: ज्यांनी हे पाठवले त्यांच्यापुढे टिकायचे तर हे समजून घेतलेच पाहिजे, आणि त्या मानाने पंधरा लाख जीव ही किंमत थोडी आहे. मिलर त्याला गोळी घालतो. त्याचे कारण विलक्षण आहे: ड्रेस्डेनचे म्हणणे ऐकणाऱ्यांना पटू लागले होते. होल्डन या खुनाने हादरतो आणि दोघांची मैत्री तुटते. लेखकांनी कोणाच्याही बाजूने निकाल दिलेला नाही, आणि हीच कादंबरीची सर्वांत मोठी ताकद आहे.

दुसरा आक्षेप शेवटाबद्दल घेतला जातो. प्रोटोमॉलिक्यूलच्या ताब्यात गेलेला एरॉस पृथ्वीच्या रोखाने निघतो. त्याला धडक देण्यासाठी सोडलेले ‘नॉव्हू’ हे मॉर्मन पंथीयांचे प्रचंड जहाज तो हुकवतो, आणि अखेर मिलर एरॉसवर त्या पदार्थात गुरफटलेल्या ज्यूलीची समजूत काढून एरॉसला शुक्राकडे वळवतो. ही भावनेने काढलेली पळवाट वाटू शकते. पण मिलरला हे जमते ते ज्यूली कोण होती हे जाणून घेण्याचे कष्ट त्यानेच घेतले होते म्हणून. बाकी साऱ्यांना एरॉस हे निव्वळ अस्त्र दिसते. आपण घरी चाललो आहोत अशा स्वप्नात असलेल्या ज्यूलीला तो फक्त खरे काय ते सांगतो. संबंध कादंबरीत योग्य माणसाला योग्य वेळी सांगितलेले सत्य बहुधा हे एकच. मात्र ज्यूली जवळजवळ पूर्णपणे मिलरच्या कल्पनेतून दिसते आणि दोन्ही मुख्य निवेदने पुरुषांची आहेत, ही उणीव खरी आहे. पुढच्या भागांत दृष्टिकोन वाढवून लेखकांनी ती बरीच भरून काढली.

या कादंबरीमालिकेवर आधारलेली ‘द एक्स्पान्स’ ही दूरचित्रवाणी मालिका २०१५ ते २०२२ या काळात सहा पर्वांत प्रसारित झाली. पहिले पर्व आणि दुसऱ्याचे सुरुवातीचे भाग या कादंबरीचे कथानक पुरे करतात. ज्या वाचकाला फक्त थरार हवा आहे त्याला मालिका पुरेल. होल्डन आणि मिलर यांच्यातला वाद समजून घ्यायचा असेल, तर कादंबरीच वाचावी. तो वाद शेवटच्या पानावर मिटत नाही. प्रोटोमॉलिक्यूलचा एक नमुना बेल्टरांचा नेता फ्रेड जॉन्सन याच्या ताब्यात गुपचूप राहतो, आणि पुढच्या ‘कॅलिबन्स वॉर’ (२०१२) मध्ये होल्डन आणि फ्रेड यांच्यात त्याच नमुन्यावरून फाटते.