कला व वाणिज्य पदवीधरांचा दंतवैद्यक प्रवेश (महाराष्ट्र)

कला व वाणिज्य पदवीधरांचा दंतवैद्यक प्रवेश म्हणजे विज्ञानेतर शाखेची पदवी घेतलेल्या व्यक्तीने इयत्ता बारावीच्या स्तरावरील विज्ञान विषय नव्याने उत्तीर्ण होऊन दंतशल्यचिकित्सा पदवी (बी.डी.एस.) अभ्यासक्रमासाठी पात्रता मिळविण्याची प्रक्रिया होय.

== पार्श्वभूमी ==
अमेरिकेत दंतवैद्यकाचे शिक्षण सामान्यतः पदवीनंतर सुरू होते. तेथे इतिहासाचा पदवीधरही जीवशास्त्र, रसायनशास्त्र आदी विषय महाविद्यालयात पूर्ण करून प्रवेशासाठी अर्ज करू शकतो. भारतात मात्र हा अभ्यासक्रम बारावीनंतरचा असल्याने पात्रता बारावीच्या विषयांवरून ठरते. त्यामुळे सोलापूर विद्यापीठाची बी.ए. किंवा बी.कॉम. पदवी प्रथम श्रेणीत मिळविली, तरी तिने विज्ञान विषयांची उणीव भरून निघत नाही.

== पात्रता ==
भारतीय दंत परिषदेच्या २००७ च्या नियमांनुसार भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय बारावीस आवश्यक आहेत. तिन्ही विज्ञान विषयांत एकत्रितपणे खुल्या प्रवर्गास ५० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांस ४० टक्के गुण लागतात. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीस इंग्रजी अनिवार्य असल्याने ती अट बहुतेक पदवीधरांनी आधीच पूर्ण केलेली असते.

यानंतर 'नीट' ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ७२० गुणांच्या या परीक्षेतील १८० प्रश्नांपैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे असतात. प्रश्नपत्रिका मराठीतूनही उपलब्ध असते. परीक्षेची कमाल वयोमर्यादा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१ मध्ये रद्द केली.

== विषय पूर्ण करण्याचे मार्ग ==
* '''राज्य मंडळ:''' नियमित विद्यार्थी म्हणून विज्ञान शाखेची अकरावी व बारावी पुन्हा करता येते. मंडळाच्या परीक्षेत तुरळक विषय घेऊन बसणाऱ्या विद्यार्थ्यांचाही स्वतंत्र प्रकार आहे. सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळाच्या अखत्यारीत येतो.
* '''राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था:''' बारावी उत्तीर्ण व्यक्तीस येथे केवळ हवे ते विषय घेता येतात. विज्ञान विषयांची प्रात्यक्षिके मात्र अनिवार्य असतात.

पूर्वी मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना 'नीट'साठी अपात्र मानले जाई. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ही बंदी रद्दबातल ठरविली. बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून विज्ञान उत्तीर्ण झालेल्यांना परीक्षेस बसू देण्याची सूचना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढली. तथापि परीक्षेस बसणे आणि प्रवेशास पात्र ठरणे या भिन्न बाबी आहेत. मूळ बारावी व अतिरिक्त विषय अशा दोन्ही गुणपत्रिका प्रवेशाच्या वेळी तपासल्या जातात. म्हणून विषयांची नोंदणी करण्यापूर्वीच त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहणे आवश्यक ठरते.

== प्रवेश व कालावधी ==
राज्यातील प्रवेशप्रक्रिया राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष राबवितो. राज्याच्या कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी व बारावी महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण असणे ही सर्वसाधारण अट असून तिला काही अपवाद आहेत. त्यामुळे मुक्त विद्यालयाचे केंद्र निवडताना ते महाराष्ट्रात असणे हिताचे असते.

सोलापुरात केगाव येथे पंडित दीनदयाळ उपाध्याय दंत महाविद्यालय आहे. ते खासगी आहे. शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आदी शहरांत आहेत. खासगी महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. शासकीय जागा न मिळाल्यास खर्चात मोठी वाढ होते.

अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता करावी लागते. एकविसाव्या वर्षी पदवीधर झालेल्या व्यक्तीस विज्ञान विषय व 'नीट' यांसाठी दोन वर्षे लागली, तर तिची आंतरवासिता अठ्ठाविसाव्या वर्षी पूर्ण होते. त्यानंतर राज्य दंत परिषदेकडे नोंदणी केल्यावरच व्यवसाय करता येतो.

== हेही पहा ==
* भारतीय दंत परिषद
* महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ